सर्किट-बेंड खेळण्यांतून स्वच्छ आवाज घेणे

सेलवर चालणाऱ्या खेळण्याच्या सर्किटमध्ये मुद्दाम भलत्याच ठिकाणी जोडण्या करून त्याच्याकडून चमत्कारिक आवाज काढण्याला सर्किट बेंडिंग म्हणतात. हे नाव अमेरिकेतील सिनसिनाटीच्या रीड गझाला यांनी रूढ केले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ‘स्पीक अँड स्पेल’ (१९७८) हे या मंडळींचे लाडके खेळणे. मुंबईत कच्चा माल म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची एबीसीडी ओरडणारी खेळणी, नाहीतर चोर बाजारातला जुना वाजवायचा कीबोर्ड. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मिळतात.

खेळण्याचा आवाज मिक्सरमध्ये (वेगवेगळे आवाज एकत्र करणाऱ्या ध्वनियंत्रात) न्यायचा म्हणजे स्पीकरच्या दोन तारा जॅकला (ऑडिओ केबल खोचायच्या खाचेला) जोडायच्या, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक बिघाड इथेच होतात. आवाज चालू ठेवून मल्टिमीटरची काळी पिन सेलच्या उणे टोकाला आणि लाल पिन आळीपाळीने स्पीकरच्या दोन्ही तारांना लावावी. दोन्हींवर व्होल्टेज दिसले, तर त्यांतली एकही तार ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) नाही. अशी तार मिक्सरच्या ग्राउंडला टेकली की आउटपुट शॉर्ट होऊन आयसी (सर्किटमधली चिप) जळू शकते. स्पीकरच्या तारा आणि जॅक यांच्यामध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता आवाज पलीकडे नेणारा भाग) घालणे हा यावरचा सर्वांत निर्धोक उपाय. त्याच्या आधी १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला की डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) अडते.

आवाजाची पातळी हा दुसरा प्रश्न. घरगुती ऑडिओ उपकरणांची लाइन पातळी, म्हणजे एका उपकरणातून दुसऱ्यात जाणाऱ्या आवाजाचे व्होल्टेज, सुमारे ०.३ व्होल्ट असते. स्पीकरवर त्याच्या कितीतरी पट येते आणि मिक्सरमध्ये आवाज फाटतो. १० किलोओहम आणि १ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून तो अकराव्या हिश्शावर आणता येतो. स्पीकर कायमचा काढायचा असेल, तर त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा १० ओहमचा रेझिस्टर ठेवावा. स्वस्त खेळण्यांत एकाच ट्रान्झिस्टरवर स्पीकर चालतो. तो काढला की ट्रान्झिस्टरला लोड उरत नाही आणि खेळणे मुके होते.

एवढे करूनही शिट्टी ऐकू येते, ती बेंडिंगमुळेच. आवाज जाड करण्यासाठी क्लॉकचा (चिपचा वेग ठरवणाऱ्या भागाचा) रेझिस्टर बदलून तिथे पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) लावला जातो. क्लॉक मंदावला की चिपच्या आउटपुटमधली, एरवी कानाच्या पलीकडे असलेली, स्विचिंगची वारंवारता खाली उतरते. छोट्या स्पीकरमध्ये ती दबून जाते, मोठ्या स्पीकरवर मात्र टोचते. १ किलोओहम आणि २२ नॅनोफॅरडचा फिल्टर सुमारे ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग उतरवत नेतो. मात्र तो स्विचने बंद करता यावा. काहींना शिट्टीच हवी असते, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही.

बाहेरून घुसणारी घरघर मात्र कुणालाच नको असते. ५० हर्ट्झची वीज, अर्थिंग नसलेले जुन्या इमारतींतले सॉकेट, सेल वाचवण्यासाठी लावलेला मोबाइलचा चार्जर ही तिची नेहमीची ठिकाणे. सेलच वापरावेत, जॅकपर्यंत शील्डेड (बाहेरून धातूचे वेष्टण असलेली) वायर न्यावी, सेलच्या दोन टोकांत १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकावा. पावसाळ्यात सेलच्या पत्र्यांवर हिरवट थर चढला की आवाज खरखरतो. तो पॉलिशपेपरने घासून काढावा. बेंडिंगमध्ये बोटाने स्पर्श करायचे बिंदूही ठेवलेले असतात, म्हणून २३० व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणावर हे प्रयोग करायचे नाहीत.