माहुलीचा खंड्या

आमचा मोत्या गेला तेव्हा परसात चिंचेखाली पुरून वर चार दगड रचले. शेजारचे काका म्हणाले, "कुत्र्याची कसली समाधी? ही साहेबाची खुळं." हे लहानपणापासून ऐकतोय, पण ते खरं नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. महाराज गेले १७४९ साली. साताऱ्यात इंग्रजी अंमल आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. खंड्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. ती आख्यायिका असेल, समाधी मात्र डोळ्यांसमोर आहे. काकांना तिथं नेलं. बराच वेळ उभे राहिले. परवा मोत्याच्या दगडांवर जास्वंदीचं फूल दिसलं, आम्ही ठेवलेलं नव्हतं.