रॉक गायन : पुरुषकंठ

रॉक संगीतातील पुरुष गायकाची थोरवी कशावर ठरते, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. स्वरांचा पल्ला, आवाजाची ताकद, खरखर, शब्दफेक आणि रंगमंचावरील वावर हे निकष सर्वसाधारणपणे सांगितले जातात. त्यांपैकी पल्ल्याला मिळणारे महत्त्व अवाजवी वाटते. आवाज पहिल्या ओळीतच ओळखू येणे आणि आता फाटेल असे वाटत असतानाही तो सुरावर टिकणे, या दोन गोष्टी अधिक निर्णायक आहेत.

उगम : या गायकीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या ‘ब्लूज शाउटर’ परंपरेत आहे (ब्लूज हे आफ्रिकी-अमेरिकनांचे लोकसंगीत). बिग जो टर्नर (१९११–८५) यांच्यासारखे गायक पितळी वाद्यांच्या गजरावर आवाज चढवून गात. टर्नर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायले, तोवर ही शैली बरीचशी घडलेली असावी. दुसरे मत गॉस्पेल या भक्तिसंगीताला अग्रक्रम देते. गाणे ऐन भरात आले की शब्द मागे पडतात आणि उरते ती आर्त हाक. रॉकमधील किंकाळी तिच्यातून आली, असे हे मत. रॉक अँड रोलचे आद्य गायक लिटल रिचर्ड (१९३२–२०२०) यांनी आपल्या उंच ‘वूऽ’चे श्रेय गॉस्पेल गायिका मॅरियन विल्यम्स यांना दिले, आणि ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी यांनी ती हाक रिचर्ड यांच्याकडून उचलली. एवढी सलग साखळी पहिल्या मताला दाखवता येत नाही; म्हणून किंकाळीपुरते तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पुरुषकंठाचा हा ठळक अलंकार एका स्त्रीच्या गळ्यातून आला, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

तंत्र : पुरुषाचा छातीचा आवाज (बोलताना वापरला जातो तो भरीव आवाज) चढत जाऊन साधारणतः ३०० ते ३७० हर्ट्‌झच्या दरम्यान अडू लागतो. त्यापुढे स्वरतंतूंची कंपनपद्धती बदलली की पातळ, उंच ‘फॉल्सेटो’ आवाज लागतो. ऑपेरा गायक या टप्प्यावर स्वरयंत्र खाली ठेवतो, स्वर गोलावतो आणि ३,००० हर्ट्‌झच्या सुमारास अनुनाद एकवटून वाद्यवृंदावर मात करतो. रॉक गायकाच्या हाती मायक्रोफोन असतो. तो स्वरयंत्र वर चढू देतो, स्वर बोलण्यासारखा उघडा ठेवतो आणि छातीच्या आवाजाचाच टणकपणा पुढे रेटतो. ‘लेड झेपलिन’चे रॉबर्ट प्लँट व ‘डीप पर्पल’चे इयन गिलन यांनी १९७० च्या सुमारास हार्ड रॉकमध्ये या उंच पट्टीचा मानदंड घालून दिला.

खरखर हा दोष नसून साधलेला गुण आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर ‘खोटे’ स्वरतंतू असतात. तेही कंप पावू लागले की मूळ स्वराखाली उपस्वर उमटतात. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक समूहाचे गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१) यांच्या आवाजाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांच्या शैलीत गाणाऱ्या एका गायकाच्या स्वरयंत्राचे अतिवेगवान चित्रण करण्यात आले. त्यात खऱ्या तंतूंच्या तीन कंपनांमागे खोट्या तंतूंचे एक, असे बांधलेले प्रमाण आढळले. मर्क्युरी यांच्या बोलण्याचा स्वर सुमारे ११७ हर्ट्‌झ होता, म्हणजे टेनर (उंच पुरुषी आवाज) म्हणून गाणारा हा गळा बहुधा बॅरिटोनचा (मध्यम पट्टीचा) असावा. त्यांच्या स्वरातील कंप सेकंदाला सुमारे ७ आवर्तनांचा, अभिजात गायकांहून जलद भरला. चार सप्तकांची ख्याती मात्र सिद्ध झाली नाही. तपासलेल्या ध्वनिमुद्रणांत पल्ला ३७ अर्धस्वरांचा, म्हणजे तीन सप्तकांहून किंचित अधिक निघाला. त्यामुळे त्यांच्या गाण्याची थोरवी तसूभरही उणावत नाही.

शब्दफेक : अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांचा आवाज रूढ अर्थाने गोड नाही. तरीही शब्द कोठे ओढावा, कोठे टाकावा याची त्यांची जाण अनेक सुरेल गायकांना साधलेली नाही. ‘द डोअर्स’चे गायक जिम मॉरिसन (१९४३–७१) यांनी खर्जाकडे झुकणाऱ्या बॅरिटोनमधून तोच ठसा उमटवला.

निगा : खरखर खोट्या तंतूंऐवजी खऱ्या तंतूंवर ताण देऊन काढल्यास त्यांवर गाठी येऊ शकतात. सुरुवातीच्या गाठींवर आवाजाची विश्रांती व स्वरोपचार हा पहिला उपाय असतो, शस्त्रक्रिया त्यानंतर.