ऑक्सिजन किती ओढला ते सोडा, गळती किती ते सांगा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. चमकदार डब्याचा फोटो आणि खाली ओळ, 'मायटोकॉन्ड्रिया अ‍ॅक्टिव्हेट करा, पेशींचा ऑक्सिजन वापर दुप्पट, एनर्जी दुप्पट!' त्याखाली नेहमीप्रमाणे सात-आठ अंगठे, आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मला पर्सनल मेसेज, "तू हे शिकलायस ना? घेऊ का रे?" मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच लिहितो, काकांना लिंक पाठवतो.

सगळ्यात आधी त्या ओळीतली गंमत बघा. 'ऑक्सिजन वापर दुप्पट' याच्या पुढे 'एनर्जी दुप्पट' असं लिहिलंय जणू काही दोन्ही एकच गोष्ट आहे. आपल्यालाही ते पटतं, कारण शाळेत आपण तंतुकणिका, म्हणजेच हे मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं पॉवरहाऊस एवढंच घोकलं, ऑक्सिजन आत गेला की एनर्जी बाहेर. पण पेशींचा ऑक्सिजन वापर खरोखर भसकन वाढवणारं एक रसायन आहे, लोकांनी ते घेतलंय आणि त्यातले काही मेलेत. त्यावर येतोच, पण आधी मशीन समजून घेऊ.

भंडारदऱ्याच्या पुढे घाटघर आहे ना, तिथे उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, २५० मेगावॅटचा. उदंचन म्हणजे काय तर विजेची मागणी कमी असते तेव्हा खाली कोकणातल्या जलाशयातलं पाणी पंपाने वर घाटमाथ्यावर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. तिथे वीज 'निर्माण' होते म्हणण्यापेक्षा एका रूपातली ऊर्जा पाण्याच्या उंचीत साठवून पुन्हा काढली जाते म्हणणं जास्त बरोबर. मायटोकॉन्ड्रिया हुबेहूब हेच करतात, फक्त पाण्याच्या जागी प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर उरतो तो कण. आपण खाल्लेल्या भाकरीतले इलेक्ट्रॉन एकेक पायरी उतरत शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि पाणी तयार होतं, आणि उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातले पंप प्रोटॉन बाहेर फेकतात. बस, ऑक्सिजनचं काम इथे संपलं. त्याने एटीपी, म्हणजे पेशीत कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवला नाही, फक्त पंप चालू ठेवले.

पंपांमुळे पडद्याच्या दोन बाजूंना साधारण १५० ते १८० मिलिव्होल्टचा फरक पडतो. वाटतं किरकोळ, टॉर्चच्या सेलच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण पडदा केवढा जाड तर पाच-सहा नॅनोमीटर, म्हणजे मीटरमागे हिशोब केला तर तीन कोटी व्होल्टच्या आसपास जातं. आकाशात वीज पडायला सुद्धा एवढं लागत नाही. आणि हे सगळं आत्ता, तुम्ही मोबाईल हातात धरून बसलाय तेव्हा, तुमच्या अंगठ्यात चालू आहे.

आता टर्बाइन. मला विचाराल तर अख्ख्या जीवशास्त्रात याच्याइतकी भारी वस्तू नाही. नाव एटीपी सिंथेज. पडद्यात एक चक्र बसवलेलं, आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत त्याला आठ पाकळ्या असतात. एकेक प्रोटॉन येतो, एका पाकळीला चिकटतो, चक्र थोडं सरकतं, पुढचा येतो. चक्राला एक दांडा जोडलेला, तो चक्रासोबत फिरतो, आणि दांडा जरा वाकडा आहे, हे महत्त्वाचं. दांड्याभोवती न फिरणारे तीन कप्पे. वाकडा दांडा फिरताना आळीपाळीने एकेका कप्प्याला ढकलतो, तसा कप्प्याचा आकार बदलतो, एकदा उघडा, एकदा सैल, एकदा घट्ट. उघडा असताना एडीपी (एटीपीतला एक फॉस्फेट गेला की उरतो तो) आणि फॉस्फेट आत शिरतात, सैल झाला की अडकतात, घट्ट झाला की ते एकमेकांना चिकटून एटीपी होतो. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बॉयर यांच्या डोक्यातली खरी कमाल पुढे आहे. सगळ्यांना वाटत होतं की ऊर्जा एटीपी 'जोडायला' लागते, बॉयर म्हणाले नाही, घट्ट कप्प्यात तो जवळपास फुकटात जोडला जातो, ऊर्जा लागते ती तयार एटीपी कप्प्यातून सोडवायला. म्हणजे मोदक साच्यात वळायला त्रास नाही, साच्यातून न मोडता काढायला त्रास. १९९४ मध्ये जॉन वॉकर यांच्या गटाने या यंत्राची क्ष-किरणांनी काढलेली रचना छापली, तीन कप्पे खरंच तीन वेगळ्या अवस्थांत दिसले, आणि १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दांड्याला एक चमकणारा धागा चिकटवून तो गरागरा फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल. त्या धाग्याच्या प्रयोगात यंत्र उलटं चालवलं होतं बरं का, एटीपी घालून दांडा फिरवला. घाटघरचं मशीन जसं एकीकडे फिरवलं की टर्बाइन आणि उलटं फिरवलं की पंप, तसंच हेही.

आता थोडं गणित, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. चक्राच्या एका फेरीला आठ प्रोटॉन, एका फेरीत तीन एटीपी, म्हणजे एकाला २.७ प्रोटॉन. शिवाय फॉस्फेट आणि एडीपी आत आणायला नि एटीपी बाहेर पाठवायला आणखी एकाचा खर्च, झाले ३.७. एनएडीएच हा जो इलेक्ट्रॉनचा हमाल आहे त्याच्या एका खेपेवर १० प्रोटॉन बाहेर जातात. दहाला ३.७ ने भागा, २.७ एटीपी. आमच्या वेळी बारावीला एनएडीएचमागे ३ आणि एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी पाठ करायला लागायचे, ३६ लिहिलं तर सर कुठल्या पेशीचे म्हणून विचारायचे. आता ३० ते ३२ सांगतात. तेही गळती नाही असं धरून!

तर गळती. पडदा शंभर टक्के पाणीबंद नाही, काही प्रोटॉन टर्बाइनला वळसा घालून असेच आत झिरपतात. त्यांची ऊर्जा जाते कुठे तर उष्णतेत. पंप मात्र झिरपलेलं भरून काढायला चालूच राहतात, म्हणजे ऑक्सिजन खर्च होतोय, एटीपी शून्य. पंप आणि टर्बाइन एकमेकांना किती पक्के बांधलेत याला कपलिंग म्हणतात, आणि या सगळ्या विषयात मला एकच शब्द वाचवायला सांगितला तर मी हाच वाचवीन.

हे डोळ्यांनी बघता येतं. एमएस्सीला आम्ही केलं होतं, रॅटच्या लिव्हरमधून मायटोकॉन्ड्रिया काढून एका बोटभर काचेच्या चेंबरमध्ये टाकायचे, आत ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड, आणि कागदावर पेन रेघ ओढत जातं. नुसतं खाद्य घातलं तर रेघ अगदी हळू खाली येते, ही गळती. एडीपी टाकला की रेघ एकदम कोसळते, कारण टर्बाइनला कच्चा माल मिळाला, प्रोटॉन धाडधाड आत येतायत, पंपांना पळायला लागतंय. एडीपी संपला की रेघ पुन्हा आळसावते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा एडीपी टाकून बसलो होतो, ऑक्सिजन संपून गेला आणि पार्टनर चिडली. शेवटी अनकप्लर घालायचं, म्हणजे पडद्यातून प्रोटॉनना चोरवाट करून देणारं औषध. रेघ आधी कधी नव्हती इतकी सरळ खाली! ऑक्सिजनचा वापर सगळ्यात जास्त, आणि त्यावर बनलेला एटीपी? शून्य. काका, तुमच्या डब्याच्या जाहिरातीचं उत्तर या रेघेत आहे.

रेघेच्या या अवस्थांना १९५५ मध्ये ब्रिटन चान्स आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी स्टेट १ ते ५ अशी नावं दिली (चान्स यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या बोटीत सुवर्णपदकही मिळवलंय, माणसं काय काय करतात). पण हे आकडे म्हणजे प्रयोगात कशानंतर काय टाकलं त्याचा क्रम होता. पुढे लोकांनी क्रम बदलला आणि आकडे तेच ठेवले. त्यांच्या स्टेट २ मध्ये एडीपी होता आणि खाद्य नव्हतं, आता बरेच जण खाद्य आहे पण एडीपी नाही त्याला स्टेट २ म्हणतात, म्हणजे बरोबर उलटं! अनकपल्ड या शब्दाचंही तेच, शरीरातली नैसर्गिक गळती, आजाराने झालेली बिघाडी, आणि प्रयोगशाळेत मुद्दाम औषध घालून केलेली, तिन्हींना एकच शब्द. शेवटी २०२० मध्ये सहाशेच्या वर शास्त्रज्ञांनी मिळून एक मोठा लेख छापला, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे एरिख ग्नायगर पुढे होते, विषय काय तर आपण कुठल्या शब्दाला काय म्हणायचं. आकडे बाजूला ठेवून अवस्थांना कामावरून नावं द्या म्हणाले, लीक म्हणजे गळतीपुरता श्वास, ऑक्सफॉस म्हणजे एडीपी भरपूर असताना एटीपी बनवण्याची पूर्ण क्षमता, आणि ईटी म्हणजे टर्बाइनचा अडसर काढल्यावर नुसती इलेक्ट्रॉनची साखळी किती पळू शकते ते. शिवाय रॉक्स, म्हणजे साखळी बंद केल्यावरही इतर एन्झाइम जो थोडा ऑक्सिजन खातात तो, तो आधी वजा करायचा.

लोक म्हणतील शब्दांवरून एवढं काय. पण बघा, उंदराच्या स्नायूत ऑक्सफॉस आणि ईटी जवळजवळ सारखे येतात, माणसाच्या स्नायूत ईटी जास्त, म्हणजे आपल्याकडे पंपांची ताकद शिल्लक असते आणि टर्बाइनकडची बाजू अपुरी पडते. आता कोणी 'श्वसनक्षमता वाढली' एवढंच लिहिलं, तेही उंदरावर, तर त्यातून माणसाबद्दल काय समजायचं? कुठली क्षमता ते सांगा ना. आणि 'ऊर्जा' या शब्दाचे तर आपल्याकडे एवढे हाल झालेत की दिवाणखान्यात कासव ठेवलं तरी ती वाढते. ज्याचं एकक सांगता येत नाही तिला मी ऊर्जा म्हणत नाही.

आता ते रसायन. डायनायट्रोफिनॉल, डीएनपी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते वापरायचे, तिथल्या कामगारांना भरमसाट घाम यायचा, वजन उतरायचं, ताप चढायचा, काही दगावले. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ते वजन कमी करायला वापरून बघितलं, आणि वजन खरंच उतरलं, हीच तर पंचाईत. अमेरिकेत हजारो लोकांनी ते घेतलं, मग मोतीबिंदू व्हायला लागले, आतल्या आत भाजल्यासारखे मृत्यू झाले, आणि १९३८ मध्ये तिथे ते माणसांसाठी बंद झालं. चोरून ऑनलाइन अजून विकतात आणि अजून माणसं जातात. ते काय करतं तर प्रोटॉन पाठीवर घेऊन पडद्यातून सरळ आत नेतं, सोडतं, परत येतं, दुसरा घेतं. तापात मेंदूने तापमानाचा काटा वर नेलेला असतो, इथे काटा जागेवरच आहे आणि भट्टी पेटलीये, त्यामुळे थांबवणारं कोणी नाही.

डीएनपी घातलं की ऑक्सिजन खर्च होत राहतो पण एटीपी बनत नाही हे १९४८ मध्येच दिसलं होतं, पण असं का होतं ते कळेना, कारण तेव्हा सगळे पंप आणि एटीपी यांच्यामधलं कुठलंतरी 'उच्च ऊर्जेचं' रसायन शोधत होते. वर्षानुवर्षं शोधलं, सापडलं नाही. १९६१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल म्हणाले, मध्ये रसायन नाहीच, पडद्यावरचा प्रोटॉनचा फरक हाच मधला दुवा. लोकांनी वेड्यात काढलं. पण मग अनकप्लरचं कोडं आपोआप सुटत होतं, एकमेकांशी रासायनिक नातं नसलेली औषधं एकच काम करतात कारण सगळी प्रोटॉन वाहून नेतात. पुढे तब्येतीमुळे मिचेल विद्यापीठ सोडून इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये गेले, बॉडमिनजवळची एक पडकी हवेली दुरुस्त केली, आणि तिथेच जेनिफर मॉयल यांच्यासोबत छोटी प्रयोगशाळा थाटली. १९६६ मध्ये अमेरिकेत यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या पानातली हरितलवकं आधी आम्लात भिजवली, मग अल्कधर्मी द्रावणात टाकली, अंधारात, आणि एटीपी तयार! प्रकाश नाही, काही नाही, नुसता प्रोटॉनचा फरक. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं, एकट्याला.

गळती वाईटच असते असं मात्र समजू नका. तान्ह्या बाळांना नीट कुडकुडता येत नाही, त्यांच्या मानेजवळ, खांद्यांमध्ये तपकिरी चरबी असते आणि तिच्या मायटोकॉन्ड्रियात यूसीपी १ नावाचं प्रोटीन मुद्दाम प्रोटॉनना वाट करून देतं, गरजेपुरती, बंद करता येईल अशी. आजी टोपरं घालते ते बाहेरून, हे आतून. मोठ्यांमध्येही ही चरबी असते आणि काम करते हे २००९ मध्ये पक्कं झालं, तेव्हापासून 'थंड पाण्याने आंघोळ करा, चरबी जाळा' वाल्यांना ऊत आलाय. साधी गळती तर सगळ्यांनाच असते, रॅटवरच्या मोजमापात आरामात असताना शरीर जो ऑक्सिजन वापरतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा त्यातच जातो.

आणि काका, दुप्पट ऑक्सिजनचं खरं माणूस हवं असेल तर ते आहे. १९६२ मध्ये स्वीडनमध्ये रोल्फ लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी एका तरुण बाईची केस छापली. भरपूर जेवायची तरी काटकुळी, कायम घाम, कायम तहान, अशक्तपणा. सगळ्यांना वाटलं थायरॉइड, थायरॉइड नॉर्मल. स्नायूतले मायटोकॉन्ड्रिया काढून बघितले तर एडीपी असो नसो, ते सुसाट ऑक्सिजन ओढत होते, कपलिंग सैल. मायटोकॉन्ड्रियाचा म्हणून ओळखला गेलेला तो पहिला आजार. जाहिरातीतला ऑक्सिजन तिच्याकडे होता, एनर्जी नव्हती.

हे सगळं काकांना थोडक्यात फोनवर सांगितलं आणि म्हटलं डब्यामागचा फोटो पाठवा. आला. साखर, कोको, व्हिटॅमिन बी १२, 'अनुमत स्वाद'. निदान चोरवाट करणारं काही नाही म्हटल्यावर जिवात जीव आला. काकांनी डबा आधीच मागवला होता. रोज सकाळी दुधात घालून घेतायत, म्हणतात बोर्नव्हिटासारखं लागतं.