गाईच्या पुठ्ठ्यावरचे डोळे आणि जुन्नरचे पिंजरे

बिबट्याने माणूस मारल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी रास्ता रोको ठरलेला. मागणीही ठरलेली: पिंजरे लावा, बिबटे धरा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. मागणी करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याचं लेकरू गेलं त्याला आकडेवारी ऐकवू नये. पण हा उपाय जुन्नर वनविभागात वीसेक वर्षांपूर्वी भरपूर करून झालाय आणि त्याचा हिशेबही मांडून झालाय. चर्चेत तो क्वचितच येतो.

2001 पासून तिथल्या उसाच्या पट्ट्यातून शंभरावर बिबटे पकडून सरासरी 39.5 किलोमीटर दूरच्या जंगलात सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 2003 या काळातले माणसांवरचे हल्ले तपासले. मोहिमेआधी वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, मोहीम सुरू झाल्यावर 17. हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. बिबटे जिथे सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले वाढले.

बिबट्या सोडला तिथे राहत नाही, हे एक कारण. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेल्या एका नराला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर तो महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. त्याने वाटेत कुणाला इजा केली नाही. पण पकडल्यामुळे बिथरलेले, परक्या मुलखात पडलेले शंभर बिबटे असेच फिरत असतील तर?

इथे एखादा चिकित्सक वाचक अडवेल: बिबटे आणि ऊस दोन्ही वाढतच होते, हल्ले तसेही वाढले असते! शंका रास्त आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढीच तुलना फसवी असते, आणि ती बहुतेक वेळा उपायाच्या बाजूने फसवते. पिंजरे लागतात कधी? हल्ले शिगेला पोचतात तेव्हा. एरवीपेक्षा फारच वाईट गेलेल्या महिन्यानंतरचा महिना काही न करताही बरा जाण्याची शक्यता जास्त असते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ताप चढल्यावर लावलेल्या अंगाऱ्याला गुण येतो तो असाच. जुन्नरमध्ये ही आयती सवलत असूनही आकडे बिघडले, म्हणून मला तो पुरावा जड वाटतो.

तरी शंका पुरती फिटायची तर शेजारी तुलनेचा गट हवा, आणि त्यासाठी बोट्स्वानातल्या गाई पाहाव्यात. हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग.

ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशालगत सिंह आणि बिबटे गुरं मारतात, मग चिडलेली माणसं सिंहांना मारतात. गुरं वाचली तर सिंहही वाचतात. हे दोन्ही शिकारी दबा धरणारे. सावजाने पाहिलंय असं वाटलं की ते बहुधा नाद सोडतात. मग गाईच्या पुठ्ठ्यावरच दोन मोठे डोळे रंगवले तर? चार वर्षं, 14 कळप, 2,061 गुरं. 683 गुरांवर डोळे काढले, 835 कोरी ठेवली आणि 543 गुरांवर नुसती फुली मारली. हे गट वेगवेगळ्या गावांत नव्हते, त्याच कळपांत मिसळलेले होते. म्हणजे गवत, पाऊस, गुराखी, सिंह सगळं सारखं.

निकाल: कोऱ्यांतली 15 मेली, फुलीवाली 4, डोळेवालं एकही नाही.

सगळी हुशारी त्या फुलीत आहे. ती नसती तर डोळ्यांनी काम केलं की रंगाच्या वासाने, की काहीतरी नवं दिसल्याने, हे कधीच कळलं नसतं. फुलीवाली गुरंही कोऱ्यांपेक्षा जास्त वाचली, म्हणजे नवेपणाचा थोडा धाक असतोच. आता जरा गणित. डोळे आणि फुली सारखेच असते तर मेलेली चारही फुलीवालीच निघण्याची शक्यता किती? 543 भागिले 1,226, त्याचा चौथा घात: 100 मध्ये 4. पुरावा ठीक, भक्कम नाही. हेच कोऱ्या गुरांशी ताडलं तर 835 भागिले 1,518, त्याचा पंधरावा घात: सुमारे 8 हजारांत 1. अर्थात प्रत्येक शिकार स्वतंत्र घटना आहे असं यात धरलंय. एकाच सिंहाने दोन गाई मारल्या असतील तर हे आकडे थोडे ढिले पडतात.

आणखी एक मेख आहे. कळपात कोरी गुरं नेहमीच हजर होती. सगळ्यांनाच डोळे काढले तर उपाशी सिंह काय करेल, आणि किती दिवसांनी सरावेल, हे या प्रयोगातून कळत नाही. संशोधकांनीच हे लिहून ठेवलंय. आपल्याकडे कुत्री येऊ नयेत म्हणून फाटकाशी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवतात. ती कुत्री सरावून बाटलीशेजारीच झोपतात, तरी बाटल्या हलत नाहीत.

मोठ्या खर्चाच्या उपायांनाही हीच कसोटी लावावी. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 खालच्या भुयारी मार्गांतून 11 वाघ 89 वेळा गेल्याचं 2019 मध्ये कॅमेऱ्यांनी टिपलं. आनंदाची गोष्ट. पण प्राणी खालून जाणं वेगळं आणि रस्त्यावर कमी प्राणी मरणं वेगळं. जगभरच्या 50 अभ्यासांचा 2016 मध्ये एकत्र हिशेब झाला, त्यात कुंपणामुळे रस्त्यावरचे मृत्यू 54 टक्के घटलेले दिसले. कुंपणाविना नुसत्या भुयारांचा किंवा पुलांचा परिणाम दिसला नाही. स्वस्तातले चकाकणारे रिफ्लेक्टर? मोठ्या सस्तन प्राण्यांचे मृत्यू त्यांनी घटले जेमतेम 1 टक्का.

जुन्नर-शिरूरकडे बंदिस्त गोठे, रात्रीचे दिवे असे उपाय तपासायला बोट्स्वानाइतका खटाटोपही लागणार नाही. जनावर मेलं की भरपाईसाठी वनविभाग पंचनामा करतो, तारीख आणि गाव त्यात येतंच. गोठा बंद होता का, दिवा होता का, एवढे दोन रकाने वाढवायचे. आणि जिथे काहीच मेलं नाही असे शेजारचे चार गोठे चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि तेच दोन रकाने तिथेही भरायचे. पंचनामा फक्त मेलेल्या जनावराचा होतो. तुलना करायला वाचलेलीही मोजावी लागतात.