हट्टी की अडकलेलं?

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या अकरा मुलांवरचा लेख लिहिला. सगळं जसंच्या तसं राहावं, या त्या मुलांच्या आग्रहाची नोंद त्यात ठळक आहे. पण पुढची वीसेक वर्षं चर्चा वळली ती आईच्या थंडपणाकडे: मूल असं होतं ते त्यामुळेच, अशी समजूत होती. आयांनी तो बोल फुकट सोसला. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये ही समजूत खोडून काढली आणि कारण मेंदूत शोधायला लावलं.

मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले रुग्ण ज्या चाचणीत अडखळत, ती होती पत्ते लावण्याची विस्कॉन्सिन चाचणी. पत्ते रंगाने लावायचे, आकाराने की संख्येने, हे कोणी सांगत नाही. समोरचा फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतो. नियम हाती लागला, सलग दहा पत्ते बरोबर पडले, की तो गुपचूप बदलतो. 'चूक, चूक' ऐकूनही असा रुग्ण, समजा, रंगानेच लावत राहतो. १९८५ मध्ये संशोधक ज्युडिथ रमसे यांना ऑटिस्टिक पुरुषांमध्ये हेच दिसलं. १९९१ मध्ये ओझोनॉफ, पेनिंग्टन आणि रॉजर्स यांनी मुलांमध्येही आखणी आणि लवचिकपणा कमी पडत असल्याचं दाखवलं. 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन', म्हणजे आखणी करणं, गरजेप्रमाणे वळण बदलणं अशी मेंदूची कामं, हा शब्द ऑटिझमच्या चर्चेत पक्का झाला तो इथून.

याच ओझोनॉफ यांनी पुढे १९९५ मध्ये तीच चाचणी कॉम्प्युटरवर दिली, तर ऑटिस्टिक मुलं बरीच सावरली! म्हणजे अडचणीचा काही वाटा समोर बसलेल्या माणसाचा होता. मला वाटतं, या निष्कर्षाकडे हवं तितकं लक्ष गेलंच नाही.

मदत मात्र 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' या शब्दाची वाट बघत थांबली नव्हती. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांचा ऑटिस्टिक मुलांसाठीचा टीच हा कार्यक्रम १९७२ पासून राज्यभर चालू होता: चित्रांचं वेळापत्रक, डावीकडून उजवीकडे मांडलेलं काम, झालेलं टाकायची वेगळी टोपली. 'पुढे काय' हे मुलाने डोक्यात धरून ठेवायचं नाही, ते समोर दिसतं.

मुलाला स्वतःला आखणी आणि लवचिकपणा शिकवता येईल का, हा प्रश्न नंतरचा. लॉरेन केनवर्दी यांच्या गटाने शाळेतच मुलांना 'प्लॅन ए, प्लॅन बी' असे शब्द दिले; 'तू अडकला आहेस, हट्टी नाहीस' हा त्यामागचा सूर. २०१४ मध्ये त्यांनी याची तुलना सामाजिक कौशल्यांच्या वर्गाशी केली. लवचिकपणा आणि अडचण सोडवणं यांत पहिला गट पुढे गेला. सामाजिक कौशल्यं मात्र दोन्हीकडे सारखीच सुधारली, जरी एका गटाला ती मुद्दाम शिकवलेली नव्हती.