भिंतीवरचा हुबेहूब चेहरा प्रोजेक्टर काढत नाही

‘प्रोजेक्टरने भिंतीवर फोटो पाडायचा आणि रंग भरायचा, त्यात कसली कला?’ मोठ्या भित्तिचित्रांबद्दलचा हा गैरसमज जुना आहे. प्रोजेक्टरला अंधार आणि समोर मोकळी जागा लागते. म्हणून अनेक कलाकार भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा करतात, त्यांचा फोटो काढून मोबाइलवर त्यावर मूळ चित्र ठेवतात आणि त्या खुणांच्या आधाराने प्रमाण जुळवतात. प्रोजेक्टर वापरलाच, तरी हाती लागते ती बाह्यरेषा. खरी कसोटी पुढेच! भिंतीलगत वर चढवलेल्या क्रेनच्या पाळण्यात उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर असते जेमतेम एक नाकपुडी, आणि त्वचेची छटा साधायची ती स्प्रेच्या पातळ फवाऱ्यांचे थर चढवून. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या हाय स्ट्रीटवर स्मग या भित्तिचित्रकाराने २०१६ मध्ये रंगवलेला, लोकरी टोपीतला त्या शहराचा संरक्षक संत मंगो नुसत्या गिरवण्यातून उभा राहिलेला नाही.