लोरेलायची ‘प्राचीन’ दंतकथा फार जुनी नाही

जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या सांक्ट गोआर्सहाउझेन गावाजवळ लोरेलाय हा १३२ मीटर उंच कडा आहे. त्यावर केस विंचरत बसलेली सुंदरी नावाड्यांना भुलवून बुडवते, ही म्हणे प्राचीन लोककथा. तसं नाही. कड्याचं नाव जुनं, ख्याती प्रतिध्वनीची. बाई मात्र कवी क्लेमेन्स ब्रेन्टानोने १८०१ मध्ये रचली (तीही कड्यावरची नव्हे, बाखाराख गावची!) आणि १८२४ मधल्या कवी हाइनरिश हाइनच्या कवितेने ती घरोघरी पोचवली.

नावा बुडायच्या त्या अरुंद पात्र, तीव्र वळण आणि पाण्याखालच्या खडकांमुळे. वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या जहाजांना आजही काठावरचे दिवे समोरून काय येतंय ते सांगतात. जानेवारी २०११ मध्ये इथेच २,४०० टन सल्फ्युरिक ॲसिड नेणारं जहाज उलटलं. टाक्या काठोकाठ नव्हत्या. ॲसिड आत हिंदकळलं आणि तोल गेला.